मधला तुकडा

वीतभर कापून द्या म्हणता? सोफ्याखाली दुमडला जातो म्हणून?

बसा. नाही, त्या गुंडाळीवर नका बसू, ती खुर्ची घ्या. हा दिवा जरा तुमच्याकडे वळवते. पावसाळी हवेत या मागच्या खोलीत लवकर अंधारतं. माझा चेहरा रागीट आहे असं सगळेच म्हणतात, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. राग माझ्या नाकावरच असतो. गोड बोलणारे हवे असतील तर पुढच्या गल्लीत पुष्कळ आहेत. हसत हसत कापून देतील, वर चहा पाजतील.

तुमचा गालिचा चांगला आहे. इराणी आहे, जुना आहे, कोपऱ्यात कसर लागलीय, झालर झडलीय. झालर मी नव्यानं बांधीन. कसरीचं भोक त्याच वयाच्या जुन्या लोकरीनं भरीन. ती दुरुस्ती झाली. त्यानं किमतीत थोडं इकडेतिकडे होतं, पण माल तोच राहतो. कापलात की मात्र संपलं. मग तो गालिचा नाही, गालिच्याचा तुकडा. कितीही बेमालूम शिवा, जाणकार माणूस तो उलटा करतो, सांध्यावरून अंगठा फिरवतो आणि परत देतो. लोकांची समजूत असते की विरलेला म्हणजे फुकटचा आणि सपाट, चकचकीत म्हणजे मोलाचा. काहीजण तर झिजलेल्या जागी शाई भरून आणतात. अशा वेळी मला त्यांच्या थोबाडालाच शाई लावावीशी वाटते.

पण किमतीचं मरू दे. नुसत्या किमतीसाठी मी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं नसतं. मी का कापत नाही ते सांगते. घाई नाही ना? असली तरी बसा.

हे दुकान आमच्या वडिलांचं. पुढचा भाग दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. गिऱ्हाईक, भावताव, गोड बोलणं सगळं त्याच्याकडे. मागची ही खोली माझी. मी रफू करते, गाठी मारते, आणि दादानं काय काय विकलं ते ऐकून चिडते. अशी आमची वाटणी लहानपणापासूनची.

बाबांकडे एक गालिचा होता, जो त्यांनी कधी विकायला काढला नाही. घरात पुढच्या खोलीत अंथरलेला असायचा. गडद लाल जमीन, मधोमध निळं तळं आणि भोवती झाडं. त्या तळ्यापाशी गालिचा थोडा वर आलेला होता. हातानं दाबला की खाली जायचा, हात काढला की हळूच पुन्हा वर. आम्ही दोघं त्याला उंट म्हणायचो आणि त्याच्यावर डोकं ठेवून लोळायचो. केवढा होता? झोपलेल्या लेकराएवढा. हे मी आत्ता म्हणते, तेव्हा कुठलं सुचायला.

मी हातात सुई धरण्याएवढी झाले तेव्हा बाबांनी तो गालिचा उलटा केला. म्हणाले, "पुढून नक्षी दिसते. माणूस बघायचं तर मागून बघ."

मागून गाठी दिसतात. एका अंगाला घट्ट, सारख्या, एका तालातल्या. दुसऱ्या अंगाला बारक्या, सैल, वेड्यावाकड्या. बाबांनी माझं बोट धरून त्यांच्यावरून फिरवलं. खालच्या किनारीजवळ त्या सैल गाठी अगदीच भोंगळ होत्या. जसजसं वर जावं तसतशा सुधारत गेल्या होत्या. एक आई मागावर बसलेली आणि शेजारी तिचं लेकरू, शिकतंय, चुकतंय, पुन्हा बांधतंय. ओळीमागून ओळ दोघांनी मिळून विणलेली.

तळ्यापाशी आल्यावर बारक्या गाठी थांबल्या. तिथून पुढे दोन्ही अंगांना घट्ट गाठी.

"इथपर्यंत दोन हात आहेत," बाबा म्हणाले. "इथून वर एकच."

"मग दुसरं कुठे गेलं?"

बाबांनी माझं बोट शेवटच्या सैल गाठीच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथे एक गाठ लोकरीची नव्हती. केसांची होती. मऊ, बारीक केस, उभ्या धाग्याला बांधून लोकरीच्या उंचीला कापलेले.

"माग बरेच दिवस तसाच पडून राहिला असणार," बाबा म्हणाले. "उभे धागे ढिले पडले. पुन्हा बसली तेव्हा तिनं ते ताणले नाहीत. म्हणून इथे फुगवटा आहे. हा काढायचा नाही, कळलं? कुणी कितीही दोष म्हणो."

मला कळलं. दादा तेव्हा बाहेर गोट्या खेळत होता.

आता चिमीबद्दल सांगते. चिमी म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. वहिनी गेली तेव्हा चिमी एवढीशी होती. मी माझा संसार मांडला नाही, तिला वाढवली. तिची वेणी, तिची गणितं, तिचा गोवर, सगळं माझ्याच मांडीवर झालं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला आम्ही ठकी म्हणतो. गालफुगी, जावळ पिंगट, कुणाकडेही दोन्ही हात वर करून उचल म्हणणारी. जावयांनी नवं घर घेतलं तेव्हा दादा म्हणाला, बाबांचा गालिचा चिमीला देऊ. मी हो म्हटलं. घरातली वस्तू घरात राहील, वाईट काय होतं?

मी लोकर आणायला बाहेरगावी गेले होते. आम्ही मेलेले गालिचे विकत घेतो, कापलेले, जळलेले, आणि त्यांची लोकर उसवून आणतो. परत आले तर पुढच्या खोलीतली फरशी उघडी. दादा खुशीत.

"पोचवला चिमीकडे," तो म्हणाला. "बघच जाऊन, कसा सपाट केलाय!"

"सपाट म्हणजे?"

"मधला पट्टा काढला. तसाही तिच्या खोलीत लांबीला बसत नव्हता. खराब वीण होती गं ती, सैल, आणि मध्ये कसला तरी कचरा. चांगले दोन भाग घेतले आणि असा जोडलाय की तुलासुद्धा सांधा सापडणार नाही. उद्या विकायला काढला तर आधीपेक्षा जास्त येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की शेजारचा घड्याळजी काम टाकून दारात येऊन उभा राहिला होता.

"आयुष्यभर गालिचे विकलेस आणि एकदाही उलटा करून बघितला नाहीस!" मी म्हणाले. "दोष म्हणे! तोच तर गालिचा होता, मूर्खा. बाकीचं नुसतं तंगड्यांखाली घालायचं कापड."

"ओरडू नकोस," दादा म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "ठकी आता धरून धरून उभी राहायला लागलीय. त्या तुझ्या उंटाला अडखळून पडली असती, डोकं फुटलं असतं तिचं. मग कुणाला ओरडली असतीस?"

हे खरं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. हिशेबाचं काही असेल तर घड्याळजीमार्फत.

मग एक दिवस चिमीचा फोन आला.

"आत्या, तू एकदा दुपारची येशील?"

"का गं? आवाज असा का?"

"ये तू... फोनवर नको."

मी गेले. नवं घर, वरच्या मजल्यावर, भिंतींना अजून रंगाचा वास. जावई कामावर गेलेले. चिमीनं पडदे ओढून घेतले होते, दुपारची उन्हं थेट आत येतात म्हणून. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ठकी आतल्या खोलीत, कठड्याच्या पलंगात झोपली होती.

"रोज दुपारी हिला तिथे निजवते," चिमी हळू आवाजात म्हणाली. "मीही जरा पडते. उठून बघते तर ही इथे, बाहेर. गालिच्यावर. नेहमी याच जागी."

तिनं बोट दाखवलं. बरोबर सांध्यावर.

"कठड्यावरून उतरत असेल."

"हेही हेच म्हणतात. पण आत्या, ती अजून एकटी उभीसुद्धा राहत नाही. आणि पडली असती तर रडली असती ना? ती रडत नाही. उताणी पडून वर बघत असते आणि हसते... आणि हे बघ."

गालिच्याची लव तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूनं हात फिरवला की उजळ दिसते, उलटा फिरवला की गडद. त्या गडद-उजळ लवेत पावलं उमटली होती. अनवाणी. दाराकडच्या टोकापासून बारकी पावलं, पाच-सहा वर्षांच्या लेकराची असावीत तशी, सांध्यापर्यंत येऊन थांबलेली. खिडकीकडच्या टोकापासून मोठी पावलं, बाईची, तीही सांध्यापर्यंत. सांध्यापाशी मोठ्या पावलांच्या चवड्यांचा दाब खोल होता, पुढे वाकून कुणाला तरी शोधावं तसा. सांधा कुणीच ओलांडला नव्हता.

"तुझी असतील," मी म्हणाले.

चिमीनं आपलं पाऊल शेजारी ठेवलं. तिचं पाऊल लांब आहे, आमच्या घराण्याचं. ते पाऊल रुंद होतं, आखूड, बोटं पसरलेली.

मी तळव्यानं सगळी लव एका दिशेला फिरवून टाकली. एकही खूण ठेवली नाही. मग भिंतीलगत खुर्ची टाकून बसले. चिमीला म्हटलं, तू पड जरा. ती बिचारी टेकली आणि लगेच झोपली.

आधी वास आला. ओल्या लोकरीचा, आणि त्यात मिसळलेला दुधाचा, उतू गेलेल्या नव्हे, अंगावरच्या दुधाचा. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना. मग तो आवाजही थांबला आणि दुसरा ऐकू आला.

टक्... टक्... टक्...

मी तो झोपेतही ओळखीन. गाठ बांधून झाली की लोकरीचा उरलेला धागा पात्यानं तोडतात, त्याचा आवाज. तो खिडकीच्या बाजूनं येत होता आणि तिथे पडद्याखेरीज काही नव्हतं.

मग आवाज थांबला, आणि खिडकीकडच्या किनारीवर लव दबली. मी डोळे चोळले नाहीत, जप केला नाही, नुसती बघत राहिले. एक पाऊल उमटलं. त्याच्या पुढे दुसरं. सावकाश, पाय जड झालेल्या बाईनं चालावं तसं ती सांध्यापर्यंत आली. तिथे दोन गोल खळगे पडले. ती गुडघ्यांवर बसली होती.

आतल्या खोलीत ठकी खुदकन हसली.

मी उठायला गेले तर माझे पाय जागचे हलेनात. दारात ठकी दिसली. चालत येत होती. दोन्ही हात वर, मुठी मिटलेल्या, कुणाचीतरी बोटं धरून पहिली पावलं टाकतात तशी, डुलत, पायांच्या चवड्यांवर. ती गालिच्यावर आली आणि तिच्या मागोमाग लवेत ती बारकी पावलं उमटायला लागली. ते लेकरू तिला चालवत आणत होतं.

सांध्यापाशी बारकी पावलं थांबली. ठकी नाही थांबली. तिला कुठला सांधा? ती पलीकडे गेली आणि आडवी झाली. तिचं डोकं खाली टेकलंच नाही. जमिनीपासून वीतभर वर, कुणाच्या तरी दंडावर टेकल्यासारखं राहिलं. तिच्या पिंगट जावळात बोटं फिरत होती. बोटं दिसत नव्हती, केस दुभंगताना दिसत होते.

मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी राग आला, आणि त्या रागानंच माझे पाय सुटले. मी धावले, ठकीला काखेत धरून उचलायला गेले. उचलेना. तेवढंसं पोर, पण दोन माणसांनी ओढावं तशी खाली धरलेली.

"सोड!" मी ओरडले. "सोड तिला, मेले! ही तुझी नाही. ही माझ्या चिमीची आहे, मी वाढवलेल्या पोरीची पोर आहे ही. तुझं लेकरू ते काय, तिथे पलीकडे उभं आहे. तुमच्या मधली जागा माझ्या गाढव भावानं कापली. ती मी आणते. शोधून आणते, माझ्या हातानं शिवते. पण हिला हात लावलास तर याद राख, तुझा एक धागा शिल्लक ठेवणार नाही!"

सगळं थांबलं. केसांतली बोटंही थांबली. मग ठकीच्या कानामागे, अगदी जवळ, एकदाच आवाज झाला.

टक्.

आणि ठकी एकदम हलकी झाली, इतकी की मी तिला घेऊन मागे आपटले. तेव्हा तिनं भोकाड पसरलं. चिमी धडपडत उठून आली. मी तिला काही सांगितलं नाही. गालिचा गुंडाळला आणि म्हटलं, रिक्षा बोलाव.

दुकानात शिरले आणि गुंडाळी दादाच्या पायांवर टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले.

"पट्टा कुठे आहे?"

"कसला?"

"दादा, मी आत्ता तुझ्या नातीला कुणाच्या मांडीवरून ओढून आणलंय. पट्टा कुठे आहे?"

माझा चेहरा बघून तो हसायचा राहिला. मी सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला की नाही, देव जाणे, पण ठकीचं नाव निघाल्यावर त्याचा रंग उतरला. पट्टा त्यानं उशा शिवणाऱ्याला दिला होता, अभ्रे करायला. आम्ही दोघं तिथे गेलो. त्या माणसानं तो कोपऱ्यात टाकला होता. म्हणाला, घेऊन जा बाबा, तीन वेळा कात्री लावली आणि तिन्ही वेळा माझंच बोट कापलं. त्यानं चिंधी बांधलेलं बोट दाखवलं.

पट्टा उलटा करून दिव्याखाली धरला. शेवटची सैल गाठ होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"इथले केस?" मी विचारलं.

दादा खाली बघत राहिला. "उपटले मी. चिमट्यानं. मला वाटलं, घाण आहे... झाडून टाकले."

त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. माझा हात उठलाही होता. पण तो म्हातारा दिसत होता, अचानक. माझा दादा, ज्याच्या पाठीवर बसून मी या दुकानात हिंडले होते.

"मी पोरीसाठीच केलं गं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. म्हणून तर जास्त राग येतो."

मी त्याचा सांधा उसवला. मग पट्टा मध्ये ठेवून एकेक उभा धागा त्याच्या त्याच्या धाग्याला बांधत गेले. दादा शेजारी बसून धागे धरत होता, मी म्हणेन तेव्हा सोडत होता. या खोलीत तो इतका वेळ कधी बसला नव्हता. काम संपता संपता गालिचा मधोमध हळूच वर आला. उंट परत आला होता. दादानं त्याच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

शेवटी मी गालिचा उलटा केला. रिकाम्या जागेत माझी गाठ मारायची नव्हती, ती रिकामीच ठेवणार होते. पण तिथे गाठ होती. ताजी, घट्ट, सफाईदार. पिंगट केसांची.

दुसऱ्या दिवशी मी ठकीचं डोकं तपासलं. कानामागे करंगळीच्या नखाएवढी जागा मोकळी होती, केस मुळापासून कापलेले. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. तिचं लेकरू तिला मिळालं, वर हे एवढंसं घेऊन गेली, आमची पोर आम्हाला दिली. फिटलं. गालिचा मी इथेच ठेवला. जाणकारांच्या लेखी त्याची किंमत आता काहीच नाही, दोन सांधे आहेत त्याला. चिमीच्या घरी पुन्हा काही झालं नाही. ठकी चालायला लागली, बोलायला लागली, माझ्याशी भांडायलाही लागली. आता शाळेत जाते. म्हणजे त्या बारक्या पावलांएवढं पाऊल झालंय तिचं, एवढंच.

आता पुढचं ऐका. हे अजून दादालाही सांगितलेलं नाही.

मध्यंतरी ठकी इथे आली होती. तिची नखं कापायला हात हातात घेतला. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला घट्टे पडले होते. हे बघा, असे, मला आहेत तसे. हे गाठी मारून मारून पडतात. पोरीनं कधी सुई हातात धरलेली नाही, मीच धरू देत नाही. मी विचारलं, हे कशानं गं? म्हणाली, "काही नाही, ते दुपारचं." आणि पळाली खेळायला.

मी दार लावून गालिचा उघडला. उलटा केला. खालून बोट फिरवत वर गेले. घट्ट, सैल. घट्ट, सैल. तळं आलं. फुगवटा आला, पिंगट केसांची गाठ आली. बाबांनी सांगितलं होतं, इथून वर एकच हात. माझं बोट पुढे सरकलं. फुगवट्याच्या पुढे दोन हात होते. ओळीमागून ओळ. बारक्या गाठी आता चांगल्याच सुधारल्या होत्या. वरच्या किनारीला थोडीच जागा उरली होती.

किनार पूर्ण झाली की गालिचा मागावरून उतरवतात. मग दोघं उठून घरी जातात. कुणाच्या घरी, ते मला विचारू नका.

मी चिमीला खोटंच सांगितलं, पोरीला हवापालट हवा आहे म्हणून. दोघींना तिच्या सासूबाईंकडे पाठवलंय, इथून लांब. आणि इथे रोज संध्याकाळी मी त्या बारक्या गाठी उसवते आणि तिथे माझ्या घट्ट गाठी मारते. हो, मी. जी तुम्हाला वीतभर कापून देत नाही, ती मी एका जुन्या गालिच्याची रोज वाट लावते आहे. दुसऱ्या दिवशी दुपार उलटली की माझ्या गाठी गेलेल्या असतात आणि तिथे पुन्हा त्याच असतात. पोर इथे नाही, तरी असतात. उसवताना मी त्या बाईला शिव्या घालते. दिलेला शब्द मी पाळला, तूही पाळ, म्हणते.

काल चिमीला फोन केला. ठकी कशी आहे, विचारलं.

"मजेत आहे गं," चिमी म्हणाली. "दुपारी शहाण्यासारखी झोपते. फक्त झोपेत बोटं हलवत असते सारखी. आणि आत्या... तुझ्यावर रागावलीय ती."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"काय माहीत. झोपेतच ओठ काढून रडते आणि म्हणते, मी रोज करते आणि आत्याआजी रोज उसवते."

दार लावून उसवते मी. आतून कडी घालून.